खात्री कोणाला द्यायची, कधी द्यायची

एकदा मिळालेले तारण जाऊ शकते का, हा वाद यवतमाळच्या पाळकांना नवा नाही. 1953 साली वेगवेगळ्या पंथांच्या मिशनांनी मिळून इथे युनियन बिब्लिकल सेमिनरी उभी केली. 1983 मध्ये ती पुण्याला हलेपर्यंत दोन्ही मतांचे विद्यार्थी एकाच वर्गात बसले. जिल्ह्यात जुने काम फ्री मेथडिस्टांचे. ते वेस्लीच्या वळणाचे, त्यामुळे विश्वासणारा मागे फिरून तारण गमावू शकतो असे मानणारे. बाप्टिस्ट म्हणत, एकदा मिळालेले तारण जात नाही. त्यावर समोरून ठरलेला प्रश्न यायचा: मग माणूस बिनधास्त पाप करणार नाही का?

शेजारच्या वर्ध्यात निदान कागदोपत्री दारूबंदी आहे, इथे तीही नाही. साहजिकच हा प्रश्न पाळकाच्या दारी बहुधा बाटली घेऊनच येतो.

आक्षेप पौलाच्या काळापासूनचा आहे. रोमकरांस पत्राचा सहावा अध्याय तोच आक्षेप मांडून सुरू होतो. 1563 च्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीतला 64 वा प्रश्नही हाच: कृपेच्या या शिकवणीने माणसे बेफिकीर होत नाहीत का? उत्तर ठाम नकाराचे आहे. जो ख्रिस्ताला जोडला गेला त्याला फळ येणारच. मिशनरी स्टीफन हिस्लॉप 1845 मध्ये नागपुरात आले ते ज्या स्कॉटिश परंपरेतून, तिचा वेस्टमिन्स्टर विश्वासनामा तर आणखी सावध आहे. त्याचे 17 वे प्रकरण सांगते की तारलेला माणूसही घोर पापात पडू शकतो, आणि त्याची शिक्षा इथेच भोगतो. 18 व्या प्रकरणाची सुरुवातच खोट्या आशेवर स्वतःला फसवणाऱ्यांपासून होते. शाश्वती मानणारे अनेक उपदेशक सतराव्यापाशीच थांबतात, ही खरी गोम.

घोटाळा होतो तो सभेच्या रात्री. प्रार्थना संपते, हात वर होतात, नावे लिहून घेतली जातात आणि तिथल्या तिथे सांगितले जाते, ‘तुमचे तारण झाले, आता ते कोणी हिरावू शकत नाही.’ चार महिन्यांनी तो गृहस्थ पुन्हा गुत्त्यावर दिसतो. बायको पाळकाला विचारते, ‘पास्टर, यांचं आता काय समजायचं?’ एक पाळक म्हणतो, त्याचे तारण झालेच नव्हते. दुसरा म्हणतो, झाले होते, पण गेले. त्या बाईच्या घरात रात्री जे घडते त्यात या दोन उत्तरांनी तसूभरही फरक पडत नाही. पश्चात्तापाला दोघेही त्याला बोलावणारच. मग अवघ्या दहा मिनिटांच्या ओळखीवर खात्री देण्याची घाई कशासाठी?

उलट बाजूही निर्दोष नाही. तारण कधीही जाईल या धास्तीत वाढलेला माणूस दर उपवास सभेला पुढे येऊन गुडघे टेकतो, पण खरे पाप बोलत नाही. बोलला तर सगळेच गेले असे त्याला वाटते. याउलट, 1905 साली पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये जागृती आली, तेव्हा तिथल्या मुलींनी रडत उघडपणे पापे कबूल केली. स्वतः रमाबाईंचा बाप्तिस्मा 1883 चा, पण ख्रिस्ताचा खरा अनुभव आपल्याला त्यानंतर काही वर्षांनी आला, असे त्यांनीच लिहून ठेवले आहे. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली तारीख आणि तारणाची खात्री एकच धरू नये, हे त्यांच्याकडून शिकण्यासारखे.

बाप्तिस्म्यापूर्वी उमेदवाराची साक्ष ऐकतात, ती त्याच्याच तोंडून. घरच्यांना, सालगड्याला, उधारी देणाऱ्या दुकानदाराला सहसा कोणी विचारत नाही. विचारायला हवे. चुकणाऱ्याला काही काळ प्रभुभोजनापासून थांबवण्याचा मार्ग दोन्ही मतांना ठाऊक आहे. तो शेवटचा कधी वापरला, हे पाळकांनी आपल्या मंडळीचे इतिवृत्त काढून पाहावे. दारूसाठी वापरल्याची नोंद कदाचित सापडेल. हुंड्यासाठी, किंवा भावाच्या हिश्शाचे वावर लाटल्याबद्दल, सापडते का तेही पाहावे.