रोजच्या गाडीचे वाफेचे इंजिन

वाफेचे जुने इंजिन दुरुस्त करून वर्षातून चार-दोनदा फिरवणे आणि तेच इंजिन वेळापत्रकातल्या गाडीला रोज जोडणे ही दोन वेगळी कामे आहेत. पहिल्यात मूळ आराखडा शाबूत राहिला की पुरते. दुसऱ्यात तोच आराखडा आड येतो, कारण मजुरी स्वस्त असलेल्या काळात तो आखलेला असतो. रात्रभर आग सांभाळणारा, राख आणि क्लिंकर उपसणारा, थांब्यावर तेलाची झारी घेऊन चाकांमध्ये वाकणारा, अशी सगळी माणसे त्याने गृहीत धरलेली असतात. म्हणून आधुनिकीकरणाचा पहिला हिशेब अश्वशक्तीचा नव्हे, माणसांच्या तासांचा असायला हवा.

52 8055 हे जर्मन इंजिन या दृष्टीने बारकाईने अभ्यासावे असे आहे. 52 हा वर्ग दुसऱ्या महायुद्धातला. धातू आणि मजुरी वाचवण्यासाठी सोपा केलेला आणि सहा हजारांहून अधिक संख्येने बांधलेला. 1960 च्या दशकात पूर्व जर्मनीच्या रेल्वेने त्यांतल्या 200 इंजिनांना नवे बॉयलर दिले, त्यांतले हे एक. 1990 च्या दशकाअखेरीस स्वित्झर्लंडमध्ये रॉजर वॉलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्याची पुन्हा बांधणी केली. कोळशाऐवजी हलके तेल, दांड्यांना रोलर बेअरिंग, बॉयलरला चोख उष्णतारोधन असे बदल झाले आणि मूळची ताशी 80 किलोमीटरची मर्यादा 100 वर गेली. विजेच्या गाड्यांमधून वाट काढायची तर तेवढा वेग लागतोच.

यांत सर्वांत मोलाचा बदल प्रवाशांना दिसतही नाही. बॉयलर थंड असेल तर तो तापवण्यात कित्येक तास जातात, आणि घाई केली की तांब्या-पोलादाचे भाग कमी-जास्त फुगून स्टे आणि नळ्यांची तोंडे गळू लागतात. उभ्या इंजिनाला विजेवरचा तापक जोडला की त्यातून बॉयलरचे पाणी फिरत राहते, आग नसतानाही दाब टिकतो आणि शेडमध्ये रात्रपाळी लागत नाही. उष्णतारोधन चोख नसेल तर मात्र हीच वीज महाग पडते. म्हणून ते आधी, तापक नंतर. बॉयलर रोज थंड-गरम होत नाही, त्यामुळे त्याचे आयुष्यही वाढते. विंटरथूरच्या एसएलएम कारखान्याने 1992 ते 1996 या काळात डोंगरी दातेरी मार्गांसाठी जी 8 नवी इंजिने बांधली, त्यांत हीच सोय होती. ती इंजिने एकटा ड्रायव्हर चालवतो.

याच कारखान्याची जुनी एक्स वर्गाची इंजिने निलगिरीच्या मेट्टुपलायम–कुन्नूर घाटात चालत आली आहेत. तिथेही काही इंजिने तेलावर नेण्यात आली. कोरड्या रानातून जाणाऱ्या मार्गावर ठिणग्या थांबणे हाच मोठा लाभ ठरतो. तेलाची ज्वाला क्षणात विझवता येते; पण ती तितक्याच झटक्यात भडकवण्याचा मोह फायरबॉक्सला मारक आहे.

पाण्याकडे बहुतेक शेडमध्ये दुर्लक्ष होते. अर्जेंटिनाचे अभियंते पोर्टा यांच्या पद्धतीत पाणी मुद्दाम अल्कधर्मी ठेवतात आणि फेसरोधक मिसळतात. क्षारांचा कठीण थर न बसता मऊ गाळ होतो, तो ब्लोडाऊनने बाहेर जातो आणि दोन वॉशआउटमधले अंतर बरेच वाढते. मात्र रोज नमुना तपासण्याची शिस्त नसेल तर ही पद्धत सुरूच करू नये.

रोलर बेअरिंगमुळे थांब्यांवरचे तेल घालणे संपते. ये-जा करणारे भाग हलके करून तोल नव्याने साधला, तर रुळांवरचे हादरेही कमी होतात.

कोळशावरच राहणाऱ्या इंजिनांसाठी डेव्हिड वॉर्डेल यांचे काम पाहावे. दक्षिण आफ्रिकेच्या 25 एनसी वर्गातील 3450 क्रमांकाचे इंजिन त्यांनी 1981 मध्ये बदलले. जाळीखालून हवा कमी आणि वाफ मिसळून दिली, उरलेली हवा आगीच्या वरून. त्यामुळे कोळशाचा आधी वायू होतो, बारीक कण उडून जात नाहीत आणि क्लिंकर आटोक्यात राहतो. जोडीला लेम्पोर एक्झॉस्ट होता: कमी उलटदाबात अधिक ओढ देणारा. हा एक्झॉस्ट तयार मापाने बसवून भागत नाही. गाडी भाराने चालत असताना स्मोकबॉक्समधील ओढ आणि सिलिंडरचा उलटदाब मोजून मगच नोझलचा व्यास कायम करावा.