वलगणीचा मासा आणि बांधाचें तोंड

मृगाचे पहिले मोठे पाऊस पडून ओढे गढूळ वाहूं लागले, कीं कोंकणांतील खेडोपाडीं रात्रीं बत्त्या हिंडतांना दिसतात. नदींतला मासा वलगणीला चढला, ही वार्ता घरोघर पोहोंचण्यास वेळ लागत नाहीं. देशावर यासच चढणीचा मासा म्हणतात. कोणी पाग घेऊन, कोणी कामट्यांचा सापळा घेऊन, कोणी नुसती काठी व घमेलें घेऊन खाचरांकडे धांवतो. या मौजेंत आम्हीहि अनेक वर्षें सामील झालों आहों. तेव्हां पुढील मजकूर उपदेशकाचा नसून एका भागीदाराचा आहे, असें वाचकांनीं समजावें.

हा मासा वर चढतो तो मुख्यतः अंडीं घालण्यासाठीं. भर पुरांत नदीच्या मुख्य धारेंत अंडीं व पिल्लें टिकणें कठीण. उलट भाताच्या खाचरांत व ओढ्याकांठच्या उथळ पाण्यांत ओढ कमी असून सूक्ष्म जीवांचें खाद्य विपुल असतें. मरळीसारखा मासा तर अशाच गवताळ पाण्यांत घरटें करून पिल्लांची राखण करितो. पाऊस ओसरूं लागला म्हणजे वाढलेलीं पिल्लें पाण्याबरोबर नदींत परततात. म्हणून बांधाच्या तोंडाशीं आपण जो मासा धरितों, तो बहुधा गाबोळीनें भरलेला असतो. आणि एका मादीच्या पोटांत हजारों अंडीं असतात. पेरणीच्या दिवशीं बियाण्याची कणगी उपसून भाकरी भाजणारा शेतकरी आपल्यांत सांपडणार नाहीं. येथें मात्र आपण तेंच करितों व त्यास मौज म्हणतों.

समुद्राकडे पाहावें तर तेथें निदान बंधन आहे. पश्चिम किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै अशी ६१ दिवस यांत्रिक नौकांस मासेमारीची बंदी असते; आणि असा कायदा होण्याच्या कितीतरी आधींपासून कोळी बांधव नारळी पौर्णिमेपर्यंत होड्या किनाऱ्यावर ओढून ठेवीतच असत. १९८१ चा राज्याचा सागरी मासेमारी कायदा, २०१६ चे पर्ससीन जाळ्यांवरील निर्बंध, प्रखर विजेच्या दिव्यांनीं मासे गोळा करून धरण्यास २०१७ सालीं झालेली मनाई, हीं बंधनें कागदावर तरी आहेत. तीं सर्व पाळलीं जातात असें आम्ही म्हणत नाहीं. २०२३ सालीं पापलेटास राज्यमाशाचा मान मिळाला, तरी तळहाताहून लहान पापलेट बाजारांत विकावयास येतें. केरळांत २०१२ सालीं सुमारें चार लक्ष टन तारली सांपडली होती. २०२१ सालीं ती साडेतीन हजार टनांच्याहि खालीं गेली. समुद्राच्या हवामानांतील फेर हें त्याचें मोठें कारण खरें, पण कोंवळी तारली धरून कारखान्यांत तिची भुकटी करण्याचा प्रघातहि तेथें होताच. अशी भुकटी कोंबड्यांच्या व कोळंबीच्या खाद्यांत जाते, म्हणजे या व्यवहारांत शेतकऱ्याचाहि हात आहे.

आणखी एक गोष्ट आपल्याच शिवारांतील. सायपरमेथ्रिनसारखीं कीटकनाशकें अत्यल्प प्रमाणांतहि माशांस मारक असतात. तरी फवारणीचा पंप आपण धुतों तो ओढ्यावरच. पाण्यांत विष टाकून मासे मारणें १८९७ च्या कायद्यानेंच गुन्हा ठरविलें होतें. आपला हेतु मासे मारण्याचा नसतो हें खरें. माशांस त्याचा उपयोग नाहीं.

आमची सूचना एवढीच कीं, पहिल्या पुरानंतरचे पंधरा दिवस ज्याचा बांध त्यानें तोंडाशीं सापळा लावूं नये. लावल्यास निम्मी वाट मोकळी ठेवावी. बंधाऱ्याच्या फळ्या वेळेवर काढाव्या. पंप शेतांतच धुवावा. यावर, कातकरी व इतर भूमिहीन मजुरांच्या तोंडचा घास काढतां काय, असा प्रश्न येईल, आणि तो रास्त आहे. त्यांनीं पागानें धरलेले चार मासे आणि आपण ओढ्याला आडवी ताटी घालून एका रात्रींत पाट्या भरभरून उपसलेले मासे हे सारखे नव्हेत. बंधन प्रथम आपणांवर असावें. यंदा आम्हीं आमच्या खालच्या खाचराचें तोंड मोकळें ठेविलें. शेजाऱ्यांनीं येऊन तेथेंच सापळा लाविला, हेंहि सांगितलें पाहिजे. पुढील ज्येष्ठाच्या आधीं त्यांच्याशीं बोलावयाचें आहे.