एप्रिलचा टायमर

डिसेंबरात पहाटे अहिल्यानगरच्या सावेडीतल्या बंगल्यांच्या एखाद्या गल्लीतून चालत जा. गवताच्या पात्यापात्यावर दव असते. चप्पल ओली होते, पायजम्याची कड ओली होते. आणि त्याच ओल्या हिरवळीवर कुठे ना कुठे फवारे उडत असतात. ठरल्या वेळी सुरू, पंधरा मिनिटांनी बंद. उद्या पुन्हा तेच. घरातली माणसे अजून उठलेली नसतात. भिंतीवरच्या पेटीतला टायमर आपले काम करत असतो. हे काम त्याला एप्रिलात सांगितले होते. त्यानंतर त्याला कोणी काही सांगितलेले नाही.

ही पेटी एकदा उघडून पाहावी. बहुतेक चांगल्या टायमरमध्ये ऋतूनुसार पाणी कमी-जास्त करण्याची सोय असते. प्रत्येक व्हॉल्व्हची मिनिटे बदलत बसावे लागत नाही. एकच टक्केवारी बदलायची. 100 चे 40 केले की वीस मिनिटांची आपोआप आठ होतात. पेटी बसवणारा माणूस उन्हाळ्यात येतो, लॉन नवे असते, ते जगावे म्हणून मिनिटे सढळ हाताने लावतो आणि जातो. माळी आठवड्यातून दोनदा येतो, पण पेटीला हात लावायची त्याला परवानगी नसते. घरमालकाला ती पेटी कशी उघडते हे माहीत नसते. आकडा 100 वरच राहतो. पावसाळ्यात कोणीतरी मुख्य कॉक बंद करते आणि दिवाळीत, पाहुणे यायच्या आधी, तसाच पुन्हा उघडते.

परदेशातल्या आपल्या नातलगांना ही सवलत नाही. न्यू जर्सीत किंवा मिनेसोटात घर असलेले मराठी कुटुंब ऑक्टोबर सरण्याआधी बागेचे पाणी बंद करते. कॉम्प्रेसर लावून जमिनीखालच्या नळ्यांतले उरलेसुरले पाणी हवेने बाहेर फेकते. नाही केले तर त्या पाण्याचा बर्फ होतो, बर्फ जवळजवळ नऊ टक्के फुगतो आणि नळी, व्हॉल्व्ह, फवारा सगळे फुटते. चूक झाली की बिल येते. म्हणून तिथे हिवाळ्याची तयारी कोणी विसरत नाही.

आपल्याकडे काही फुटत नाही. अहिल्यानगरची थंडी बोचरी असली तरी नळीतले पाणी गोठवण्याइतकी नाही. चूक झाली तर ती दिसतच नाही. म्हणून हिवाळ्याची तयारी असे काही आपल्याकडे असते, हेच कोणाला पटत नाही. माझा आक्षेप नेमका इथे आहे. त्यांच्या चुकीने त्यांची नळी फुटते. आपल्या चुकीने मे महिन्यात शेजारच्या माणसाचा बोअर कोरडा पडतो.

हिशेब अवघड नाही. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. हजार चौरस फुटांचे लॉन म्हणजे साधारण 93 चौरस मीटर. डिसेंबर-जानेवारीत ऊन कलते असते, दिवस लहान असतो, वारा मंद असतो. हिरवळीची पाण्याची गरज मे महिन्याच्या निम्म्याहूनही खाली येते. टायमर मात्र मे महिन्याचेच पाणी देतो. रोजची उधळपट्टी अगदी हात आखडून, तीनच मिलिमीटर धरली, तरी ती दिवसाला 280 लिटरच्या आसपास जाते. ग्रामीण घराघरात नळाने पाणी देणाऱ्या जलजीवन मिशनने माणशी दिवसाला 55 लिटर धरले आहेत. म्हणजे एका लॉनवरचे केवळ जास्तीचे पाणी पाच माणसांचे झाले. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हे चार महिने मोजा. दहा हजार लिटरचे तीन टँकर भरून वर पाणी उरते. एका बंगल्याचे. पाथर्डी, पारनेर, संगमनेरच्या वाड्यावस्त्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्यांना दहा हजार लिटर म्हणजे काय हे सांगावे लागत नाही.

यावर एक उत्तर ठरलेले असते. जास्तीचे पाणी शेवटी जमिनीतच मुरते ना? थोडे मुरते. बरेचसे फरशीवरून गटारात जाते, कारण फवाऱ्यांची तोंडे वर्षभरात फिरलेली असतात आणि निम्मा फवारा गाड्या लावायच्या जागेवर पडतो. काही उडून जाते. आणि आपल्याकडचा खडक काळा, कठीण. पाणी साठते ते वरच्या मुरमात आणि खडकाच्या भेगांत. शेकडो फुटांवरच्या भेगेतून मोटरने उपसलेले पाणी हिरवळीखालच्या वीतभर मातीत सोडले म्हणून ते त्याच भेगेत परत जात नाही. शिवाय ते वर आणायला वीज लागली ती वेगळीच.

या जिल्ह्यात पाऊस सरासरी सहाशे मिलिमीटरच्या आत, आणि पूर्वेकडच्या तालुक्यांत त्याचाही भरवसा नाही. परतीचा पाऊस गेला की जूनपर्यंत आवक बंद. जे साठले त्यावर आठ महिने काढायचे. म्हणून इथे पाण्याचा हिशेब ऑक्टोबरात मांडतात. महाराष्ट्र जलसंपत्ती नियमन प्राधिकरणाच्या 2014 च्या आदेशात तारीखच दिली आहे, 15 ऑक्टोबर. त्या दिवशी मराठवाड्यातल्या जायकवाडी धरणात 65 टक्क्यांहून कमी साठा असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडायचे. मुळा, भंडारदरा, निळवंडे ही त्या वरच्या धरणांतली. तो निकष बदलावा की नाही यावर नगर-नाशिक आणि मराठवाडा यांच्यात जुना वाद आहे. आंदोलने झाली, कोर्टकचेऱ्या झाल्या. मुळेतून सुटणाऱ्या पाण्यावरून रस्त्यावर उतरणारा हा जिल्हा. याच मुळेचे पाणी शहराच्या नळाला येते. त्यातले किती दवावर पडते, हे मात्र कोणी विचारत नाही.

नगर तालुक्यातल्याच हिवरे बाजारात पावसाळा संपला की पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती झाला, विहिरींत किती आहे, हे आधी पाहतात. पिण्याचे आणि जनावरांचे पाणी बाजूला काढतात. उरलेल्यात रब्बीचे काय आणि किती घ्यायचे, ते ग्रामसभेत ठरते. पाऊस कमी तर पेरा कमी. शेतीसाठी बोअर घ्यायला तिथे बंदी आहे. पोपटराव पवारांच्या या गावाचे कौतुक आपण सगळे करतो, पाहुण्यांना गाडीत घालून दाखवायला नेतो. आणि घरी येऊन टायमर 100 वर ठेवतो. गहू किती पेरायचा यावर ज्या तालुक्यात चर्चा होऊ शकते, तिथे शोभेच्या गवतावर का होऊ नये?

ठिबकवाल्या शेतकऱ्याला हे सांगावे लागत नाही. उन्हाळ्यात संच जितका चालवतो तितका तो थंडीत चालवत नाही. वाफसा पाहतो, मूठभर माती दाबून पाहतो, मग व्हॉल्व्ह उघडतो. उसावरून त्याला ऊठसूट बोल लावणाऱ्या शहराने निदान एवढे तरी त्याच्याकडून घ्यावे.

पाण्याने गवताचे भले होते, तेही नाही. आपल्याकडची लॉनची गवते उष्ण हवेची. थंडीत त्यांची वाढ मंदावते, रंग उतरतो, पाती निस्तेज दिसतात. ते गवत तहानलेले नसते, थंडीने थबकलेले असते. घरमालक पिवळेपणा पाहतो आणि आणखी पाच मिनिटे वाढवतो. माती सतत चिखलासारखी राहते, मुळांना हवा मिळत नाही, त्यात रात्रीचा ओलावा. मग बुरशीचे गोल तपकिरी डाग पडतात. डाग पाहून औषध फवारतात. पाणी तेवढेच राहते. फेब्रुवारी सरता सरता ऊन चढले की हेच गवत आपोआप हिरवे होते. तीन महिने ते थोडे फिके दिसले तर घराची काही अब्रू जात नाही.

लॉन ठेवूच नका, असे मी म्हणत नाही. उन्हाळ्यात अंगणात जरा गारवा हवा, मुलांना लोळायला जागा हवी, हे मला कळते. मागणी एवढीच आहे की हिवाळा आला हे त्या पेटीला कळवा. येत्या रविवारी अर्धा तास काढा. गाळणी काढून धुवा. नळीच्या शेवटाचे टोक उघडून गाळ वाहून जाऊ द्या. फरशीकडे वळलेली फवाऱ्यांची तोंडे गवताकडे फिरवा. चार सरळ डबे लॉनवर ठेवून पंधरा मिनिटांत किती मिलिमीटर पाणी पडते ते पट्टीने मोजा. आकडा पाहून तुम्हीच चकित व्हाल. मग 100 चे 40 करा आणि रोजचे पाणी दोन-तीन दिवसांआड न्या. बोटभर खोल माती ओली लागली तर तोही दिवस सोडा. पेटी माळ्याला दाखवा, चावी त्याच्याकडे द्या. सोसायटीत राहत असाल तर पुढच्या बैठकीत हा विषय घ्या, आणि बैठक मार्चवर ढकलू नका.