चिंध्या फुकट, म्हणून मजुरीही फुकट?

‘चिंध्यांचीच तर गोधडी, तिचे कसले पैसे?’ हा प्रश्न मी मुलचेऱ्यात अनेकदा ऐकला. विचारणारे पुरुष असतात, तशा बायकाही.

या तालुक्यात मराठी आणि गोंड वस्तीशेजारी १९६०च्या दशकात पूर्व पाकिस्तानातून आलेल्या बंगाली निर्वासितांची गावं वसली. त्यांची कांथा आणि आपली गोधडी सख्ख्या बहिणीच. विरलेली लुगडी एकावर एक अंथरायची, शिंप्याकडची कातरणं, काठाच्या पट्ट्या जोडायच्या आणि पाठ मोडेस्तोवर धावदोरा घालायचा.

याला म्हणे ‘फावल्या वेळातलं काम’! फावला वेळ कुणाला? २०१९च्या राष्ट्रीय वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणाऱ्या बाईची त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं गेली, पुरुषाची ९७. गोधडी त्यानंतर, झोप मोडून.

महाराष्ट्राने १९७७ साली रोजगार हमीचा कायदा केला. त्या कामावर खड्डा खणला की माप घेऊन मजुरी निघायची. माती फुकटचीच होती ना? मजुरी मातीची नव्हती, कष्टाची होती. मग टाक्यांचं माप का नको?

मैत्रिणींनो, विकायला गोधडी शिवाल तेव्हा तास वहीत मांडा, शेतमजुरीच्या दराने हिशेब करा, मगच किंमत सांगा. एखादं गिऱ्हाईक परत जाईलही. पण आपणच कमी सांगितलं, तर शेजारणीचाही भाव पडतो. लेकीच्या बाळंतपणासाठी शिवाल तेव्हाही तास मांडा. पैसे मागायला नव्हे. घरातल्यांना दिसावेत म्हणून.