दिवा लागतो, तसं वायफाय लागू दे

प्रति,
मुंबईतील सार्वजनिक वायफायचे नियोजन, खर्च आणि देखभाल ज्यांच्या हाती आहे ते सर्व अधिकारी आणि लोकप्रतिनिधी यांस,

विषय : मोफत सार्वजनिक वायफाय सापडावे, सापडल्यावर लागावे आणि लागलेले टिकावे याबाबत.



परळच्या रुग्णालयांच्या परिसरात बाहेरगावाहून आलेल्या रुग्णांच्या नातेवाइकांना मी कागदपत्रांच्या कामात मदत करते. अर्ज भरून देणं, झेरॉक्स काढून आणणं, कुठल्या खिडकीवर काय लागतं ते सांगणं, अशी कामं. गेल्या पावसाळ्यात बीड जिल्ह्यातले एक काका भेटले. पत्नी आत दाखल होती. आरोग्य योजनेच्या कागदांसाठी रेशनकार्डाचा फोटो हवा होता. मुलानं तो गावाहून व्हॉट्सॲपवर सकाळीच पाठवला होता, पण काकांचा रिचार्ज संपलेला. त्यांनी विचारलं, "ताई, इथं फुकटचं वायफाय कुठं लागतं?"

माझ्या फोनचं हॉटस्पॉट मी तेव्हाच देऊ शकले असते. पण त्यांचा मुक्काम महिनाभराचा होता आणि मी काही रोज त्यांच्याजवळ नसणार. एकदा जागा दाखवून ठेवू, म्हणजे त्यांची सोय होईल, असं वाटलं आणि आम्ही निघालो. पहिल्या चौकात खांबावर वायफायची पेटी होती, पण फोनमध्ये कुठलंच नाव दिसेना. पुढे बसथांब्याजवळ नाव दिसलं, जोडणीही झाली. मग मोबाइल नंबर विचारला गेला आणि ओटीपीची वाट पाहणं सुरू झालं. तो आला नाही. रिचार्जची मुदत संपून बरेच दिवस झाले होते, त्यामुळे येणारे एसएमएसही बंद पडले होते. शेवटी माझ्याच हॉटस्पॉटवर तो फोटो उतरवून घेतला. दहा सेकंदांच्या कामासाठी भर पावसात पाऊण तास गेला. काका मात्र मलाच म्हणाले, "तुम्हाला उगाच त्रास झाला."

त्रास मला झाला नाही, लाज वाटली. म्हणून हे पत्र.

योजनांची वाण आहे म्हणून हे घडलं, असं नाही. देशातल्या रेल्वे स्थानकांवरचं गुगल आणि रेलटेल यांचं मोफत वायफाय जानेवारी २०१६ मध्ये सुरू झालं ते आपल्याच मुंबई सेंट्रलपासून. दोन-अडीच वर्षांत ते ४०० स्थानकांवर पोहोचलं. जानेवारी २०१७ मध्ये राज्य सरकारनं 'आपले सरकार मुंबई वायफाय' सुरू केलं. पहिल्या टप्प्यात ५०० ठिकाणं होती आणि त्याच वर्षीच्या महाराष्ट्र दिनापर्यंत ती १२०० करण्याचा संकल्प होता. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं 'पीएम-वाणी' या सार्वजनिक वायफायच्या योजनेला मंजुरी दिली. म्हणजे शहराला वायफाय हवं, हे आपण सर्वांनी केव्हाच मान्य केलं आहे. प्रश्न उद्घाटनानंतरच्या दिवसांचा आहे.

आता डेटा स्वस्त झाला, घरोघरी मोबाइल आले, मग फुकट वायफाय कशाला, असं विचारलं जातं. २०२० मध्ये गुगलनं स्थानकांवरच्या प्रकल्पातून अंग काढून घेतलं तेव्हा स्वस्त डेटा हेच एक कारण सांगितलं होतं. पण स्वस्त म्हणजे कोणासाठी? जुलै २०२४ मध्ये तिन्ही मोठ्या खासगी कंपन्यांनी दर वाढवले. रोज दीड जीबी देणारा एक प्रचलित प्लॅन २३९ रुपयांवरून २९९ वर गेला. त्याची मुदत २८ दिवसांची, म्हणजे वर्षाला बारा नव्हे, तेरा रिचार्ज. घरात चार फोन असतील तर वर्षाचे साडेपंधरा हजार रुपये होतात. घरकाम करणाऱ्या बाईला, नाक्यावरच्या मजुराला, वसतिगृहात राहणाऱ्या विद्यार्थ्याला हा आकडा स्वस्त वाटत नाही. मग एका फोनचा रिचार्ज करायचा आणि उरलेल्यांनी त्याच्याकडे हॉटस्पॉट मागायचं, हा अनेक घरांतला रिवाज होऊन बसला आहे.

आणि या काळात सरकारदरबारची बहुतेक कामं मोबाइलवर आली. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला, दाखल्यांचे अर्ज ऑनलाइन झाले, शिष्यवृत्त्या ऑनलाइन गेल्या, स्पर्धा परीक्षांचे फॉर्म आणि हॉलतिकिटंही. हे चांगलंच झालं. पण कचेरीचं दार फोनमध्ये गेलं असेल, तर त्या दारापर्यंतची वाट बांधणं हेही सरकारचंच काम ठरतं. सप्टेंबर २०१९ मध्ये केरळ उच्च न्यायालयानं एका वसतिगृहातल्या विद्यार्थिनीच्या प्रकरणात, इंटरनेट वापरता येणं हा शिक्षणाच्या आणि खासगीपणाच्या अधिकाराचा भाग असल्याचं म्हटलं. त्याच केरळात २०१८ साली एर्नाकुलम स्थानकावरचा एक हमाल बातम्यांत झळकला होता. ओझी वाहता वाहता कानात इयरफोन घालून, स्थानकाच्या मोफत वायफायवर धडे ऐकत तो लोकसेवा आयोगाची लेखी परीक्षा उत्तीर्ण झाला होता.

आपल्याकडे असा दाखला शोधायला लांब जायला नको. वरळीत सुदाम काळू अहिरे मार्ग आहे. सारी मुंबई त्याला अभ्यास गल्ली म्हणते. एकेका लहानशा खोलीत दाटीवाटीनं माणसं असलेल्या बीडीडी चाळींतली मुलं पिढ्यान्‌पिढ्या तिथं रस्त्याच्या दिव्याखाली बसून शिकली. कुणी शिक्षक झालं, कुणी अधिकारी. त्या दिव्यानं कुणाला नंबर विचारला नाही. तो रोज संध्याकाळी ठरल्या वेळी लागत होता, आणि तो लागेल या भरवशावर मुलं वह्या घेऊन घराबाहेर पडत होती. आजच्या मुलांची निम्मी पुस्तकं फोनमध्ये आहेत. त्यांना दिवा हवाच, पण वायफायही तितकंच हवं. मराठीत दिवाही लागतो आणि वायफायही लागतं. भाषेनं दोन्हींना एकाच क्रियापदात बसवलं आहे. देखभालीच्या वहीतही ती शेजारी शेजारी असायला हवीत.

आता अडचणींकडे वळते.

पहिली अडचण, सापडण्याची. ज्यांनी सार्वजनिक फोनच्या बूथचा, म्हणजे पीसीओचा काळ पाहिला आहे त्यांना तो पिवळा फलक आठवत असेल. अनोळखी गावातही एसटीडी, आयएसडी, पीसीओ ही अक्षरं लांबून दिसायची आणि जीव भांड्यात पडायचा. वायफाय डोळ्यांना दिसत नाही, म्हणून त्याला पाटीची गरज उलट जास्त आहे. पण पेटी असते तिथं पाटी नसते, आणि पाटी असते तिथं अनेकदा वायफाय बंद असतं. रस्त्यावर एका पेटीचा उपयोगी टप्पा पन्नास-शंभर मीटरचा असतो. भिंत किंवा पत्र्याचं छप्पर आडवं आलं की तो आणखी घटतो. त्यामुळे "या भागात वायफाय आहे" एवढं सांगून भागत नाही. नेमकं कुठं उभं राहायचं, ते सांगावं लागतं.

दुसरी अडचण, आत शिरण्याची. ओटीपीची अट कुठून आली ते मला माहीत आहे, आणि तिच्यामागची चिंता मी हलकी लेखत नाही. जुलै २००८ मध्ये अहमदाबादच्या स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या उघड्या वायफायवरून गेला होता. त्यानंतर फेब्रुवारी २००९ मध्ये दूरसंचार विभागानं सार्वजनिक ठिकाणच्या वायफायसाठी वापरणाऱ्याची ओळख पटवणं सक्तीचं केलं. पण त्या सूचनांत मोबाइलवरचा एसएमएस हा एकमेव मार्ग नव्हता. छायाचित्र असलेलं ओळखपत्र पाहून, त्याची प्रत ठेवून प्रवेश देण्याचीही मुभा होती. व्यवहारात मात्र सोपा म्हणून ओटीपीच उरला. परिणामी ज्याचा रिचार्ज संपला आहे, म्हणजे ज्याला मोफत वायफायची सर्वांत जास्त गरज आहे, नेमका तोच दाराबाहेर राहतो. भारतीय नंबर नसलेल्या परदेशी पाहुण्याचीही तीच गत.

तिसरी अडचण, टिकण्याची. पेटीला वीज लागते, तिच्यापर्यंत केबल यावी लागते. रस्ता खोदला की केबल तुटते, पावसात पेटीत पाणी जातं. हे होणारच, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी की ती बंद पडल्याचं कुणाला कळतच नाही. रस्त्याचा दिवा गेला तर खांबाचा क्रमांक सांगून तक्रार करता येते. वायफाय गेलं तर सांगायचं कुणाला? वेगाचंही तसंच. १०० एमबीपीएसची एक जोडणी ५० जणांत वाटली की प्रत्येकाच्या वाट्याला दोन येतात. गर्दीच्या जागी एक पेटी बसवली आणि काम झालं, असं होत नाही.

युरोपीय संघानं २०१८ पासून 'वायफायफॉरईयू' ही योजना राबवली. त्यात गावांच्या पालिकांना सार्वजनिक जागी वायफाय बसवण्यासाठी १५,००० युरोंची मदत मिळायची. त्या मदतीला एक अट होती : बसवलेलं वायफाय पालिकेनं किमान तीन वर्षं चालू ठेवलं पाहिजे. मला ती अट रकमेहून महत्त्वाची वाटते. आपल्या निविदांतही पेट्या किती बसवल्या यापेक्षा त्या किती दिवस चालू राहिल्या यावर पैसे दिले जावेत.

पैशांचा आणि माणसांचा प्रश्न सोडवण्याची चौकटही तयार आहे. पीएम-वाणीत चहाची टपरी, किराणा दुकान, वाचनालय, कुणीही परवान्याशिवाय, शुल्काशिवाय आपल्याकडचं वायफाय लोकांना देऊ शकतं. पीसीओच्याच धर्तीवर अशा जागेला पीडीओ, म्हणजे पब्लिक डेटा ऑफिस, असं नाव आहे. दुकानदारांची खरी अडचण होती ती महागड्या जोडणीची. जून २०२५ मध्ये दूरसंचार नियामक ट्रायनं त्यावर मर्यादा घातली : २०० एमबीपीएसपर्यंतच्या जोडणीसाठी पीडीओकडून घरगुती दराच्या दुपटीहून अधिक आकारता येणार नाही. २०१८ च्या राष्ट्रीय दूरसंचार धोरणानं २०२२ पर्यंत देशात एक कोटी सार्वजनिक हॉटस्पॉटचं लक्ष्य ठेवलं होतं. २०२४ च्या अखेरीस पीएम-वाणीखालची संख्या अडीच लाखांच्या आसपास होती. अंतर मोठं आहे, पण मुंबईनं मनावर घेतलं तर निदान आपल्या वाट्याचं तरी कापता येईल. वाणीवरचं वायफाय सगळीकडे फुकट नसतं, हे खरं. पण रुग्णालयांचे परिसर, अभ्यासिका, एसटी स्थानकं, मजुरांचे नाके अशा निवडक जागी त्याचा खर्च पालिकेला आणि राज्याला उचलता येईल.

म्हणून माझ्या पाच विनंत्या आहेत.

१. शहरातल्या प्रत्येक मोफत वायफायची यादी प्रसिद्ध करा. त्यात ठिकाण, वायफायचं अधिकृत नाव, आज चालू की बंद, आणि किती वेळ मोफत मिळतं, एवढं असावं. यादी मराठीत असावी आणि विभाग कार्यालयांत, रुग्णालयांच्या चौकशी खिडकीवर छापील स्वरूपात लावलेली असावी, कारण ज्याच्याकडे नेट नाही तो ती नेटवर कशी पाहणार? अधिकृत नाव माहीत असलं की तशाच नावाचं बनावट वायफाय उघडून लोकांना फसवणंही अवघड होईल.

२. प्रत्येक जागी लांबून दिसेल अशी एकसारखी पाटी लावा. पाटीवर क्रमांक असावा आणि बिघाड कळवण्यासाठी फोन नंबर असावा. सोबत दोन ओळी : पासवर्ड कुणाला सांगू नका, बँकेचे व्यवहार इथं टाळा.

३. ओटीपी न मिळणाऱ्यांसाठी ओळखपत्र पाहून प्रवेश देणारी खिडकी ठेवा. रुग्णालय, वाचनालय आणि विभाग कार्यालय या तीन ठिकाणांपासून सुरुवात करता येईल.

४. प्रत्येक विभागात वायफायसाठी एक अधिकारी नेमून द्या. दर महिन्याला किती जागा चालू होत्या, किती बंद, का बंद, याचा हिशेब लोकांसमोर ठेवा. बंदचा आकडा मोठा असला तरी ठेवा. खरा आकडा सांगणाऱ्यावर लोक विश्वास टाकतात.

५. नव्या पेट्या लावण्याआधी जुन्या चालू करा. आणि जागा निवडताना नकाशाकडे पाहण्याआधी माणसांकडे पाहा : रात्री कोण कुठं थांबतं, कोण कुठं वाट पाहतं, कोण कुठं अभ्यास करतं.

यातल्या एकाही गोष्टीला नवा शोध लागत नाही. पाटी रंगवणारे, केबल जोडणारे, यादी करणारे लोक आपल्याकडे आहेत. त्यांतल्या अनेकांनी पावसात खांबावर चढून हे वायफाय उभं केलं आहे, त्यांचे कष्ट मी विसरलेले नाही. त्यांच्या कष्टांचं चीज व्हावं, असंही मला वाटतं.

काका महिनाभरानं पत्नीला घेऊन गावी गेले. तिची तब्येत सुधारली होती. जाईपर्यंत ते अधूनमधून माझी वाट पाहत गेटापाशी उभे राहायचे, मी आले की फोन पुढे करायचे, आणि नातवाचे व्हिडिओ उतरवून घेऊन रात्री वॉर्डात पत्नीला दाखवायचे. मी नसले त्या दिवशी ते व्हिडिओ राहून जायचे. त्यांची जागा आज दुसऱ्या कुणी घेतली आहे. तो माणूसही विचारेल, "ताई, इथं वायफाय कुठं लागतं?" तेव्हा मला हात लांब करून एक पाटी दाखवता यावी, आणि तिच्याखाली जाऊन उभं राहिल्यावर ते खरोखर लागावं. तेवढं आपल्या हातात आहे.

आपली,
परळ परिसरातली एक स्वयंसेविका
मुंबई