राज्य बदलले, फाटक उघडले का?



मंद्रूपला विजापूर रस्त्यावर चहा घेताना हा वाद हमखास निघतो. एक म्हणतो, "१९४७ ची कसली क्रांती? गोरा साहेब गेला, काळा साहेब खुर्चीत बसला." दुसरा उसळून विचारतो, "मग सोलापूरचे चौघे फासावर गेले ते कशापायी?" आम्ही म्हणतो, दोघांचंही खरं आहे, पण दोघेही अर्धंच बोलतात.

१९३० चा मे महिना आठवा. ५ तारखेला गांधीजींना पकडले. सोलापूरचा गिरणीवाला रस्त्यावर आला. ८ तारखेला गोळीबार झाला, शंकर शिवदारे पडले. लोकांनी पोलीस चौकी पेटवली, कोर्ट जाळले. चौकीत पोलिसांचेही जीव गेले, ते झाकून ठेवण्यात अर्थ नाही. मग पोलीस शहरातून निघून गेले आणि काही दिवस सोलापूर लोकांनीच चालवले. नाक्यानाक्यावर स्वयंसेवक उभे! १२ मे ला सरकारने लष्करी कायदा पुकारला आणि डोक्यांवरच्या गांधी टोप्यासुद्धा उतरवल्या. १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा यांना फाशी दिली. ही चार नावे एकापाठोपाठ वाचा, मग कळेल सरकार कशाला घाबरले होते.

त्या चार दिवसांना आम्ही बेधडक क्रांती म्हणतो. १९४७ ला मात्र म्हणताना जीभ अडखळते. कलेक्टर कचेरी तीच राहिली. १८६० चे पिनल कोड २०२४ पर्यंत चालले. जमीन काढून घेण्याचा १८९४ चा कायदा २०१३ साल संपेपर्यंत शेतकऱ्याच्या मानेवर होता.

आणि सेटलमेंट? सोलापुरात तारेच्या कुंपणामागे ज्यांना ठेवले, ते आपल्याच गिरण्यांत राबत होते. गुन्हा एवढाच, की एका कायद्याने त्यांची जात गुन्हेगार ठरवलेली. भोंगा झाला की बाकीचे घरी जायचे आणि हे कुंपणाआड हजेरी द्यायला. सूत तेच, घाम तोच. तो कायदा रद्द झाला ३१ ऑगस्ट १९५२ ला. म्हणजे झेंडा चढल्यावर पाच वर्षे सोळा दिवसांनी! तोवर त्यांचे स्वातंत्र्य कुठे अडकले होते, आणि आपण शेजारच्या मागावर उभे राहून काय करत होतो, हेही एकदा आपल्यालाच विचारू या.

तरी पण "काहीच झालं नाही" म्हणणाऱ्याला आम्ही गप्प करतो. १९४६ पर्यंत मत बहुतेक शिकलेल्याचे नि कर भरणाऱ्याचे. १९५१-५२ ला गिरणी मालकाला एक मत आणि साचेवाल्याला एक. असे आपल्या मुलखात आधी कधी घडले होते? २१ नोव्हेंबर १९५५ ला मुंबईत आपल्याच सरकारने गोळ्या घातल्या, १५ माणसे मेली. त्याचा जाब १९५७ च्या मतपेटीत दिला गेला आणि १ मे १९६० ला राज्य मिळाले. दिल्लीहून कोणी ते ताटात वाढले नाही. म्हणून आमचा हिशेब असा, की जेवढे लोकांनी हाताने घेतले तेवढी क्रांती, आणि जेवढे कचेरीत सही करून दिले तेवढे खांदेपालट.

हा हिशेब सीमेलाही लावा. आमच्या भागात पुष्कळांच्या घरात कानडी बोलतात. मराठीचा आमचा आग्रह कानडीच्या द्वेषाचा नाही. १९६७ च्या महाजन अहवालाने बेळगाव तिकडेच ठेवा म्हटले आणि दक्षिण सोलापूरची गावेही तिकडे टाका म्हटले. बेळगावकराचे मत घेतले? मंद्रूपकराचे घेतले? २००४ पासून दावा सुप्रीम कोर्टात आहे. आमची मागणी साधी आहे. बेळगावला गावोगाव मतपेटी ठेवा. मंद्रूपलाही ठेवा, आमची हरकत नाही.