आधी फीत, मग हवा

ग्लासगोच्या आरोग्य मंडळाला अखेर कंठ फुटला. क्वीन एलिझाबेथ विद्यापीठ रुग्णालयात २०१६ ते २०१८ या काळात कर्करोगग्रस्त मुलांच्या रक्तात जो संसर्ग झाला, त्यातील बऱ्याच प्रकरणांचा संबंध रुग्णालयाच्याच पाण्याशी असावा, अशी कबुली मंडळाने चौकशी आयोगापुढे दिली. तोवर वर्षानुवर्षे नकारघंटाच सुरू होती.

ही इमारत काही जुनीपानी नव्हती. सुमारे ८४ कोटी पौंड ओतून उभारलेले हे रुग्णालय २०१५ मध्ये सुरू झाले. पाणीव्यवस्थेतून लिजिओनेला जिवाणूचा मोठा धोका असल्याचा अहवाल त्याच वर्षी तयार होता. वरिष्ठांपर्यंत तो पोहोचला २०१८ मध्ये! त्याच वर्षी कर्करोगग्रस्त मुलांचे वॉर्ड रिकामे करावे लागले. हवेचीही तीच गत. खोल्यांत ताशी सहा वेळा हवा बदलायला हवी होती. ती जेमतेम तीनदा बदलत होती.

एडिनबरातील मुलांच्या नव्या रुग्णालयात तर एका तक्त्यातला आकडा चुकला. अतिदक्षता विभागात हवा ताशी दहाऐवजी चारच वेळा बदलेल, अशी यंत्रणा बसली. जुलै २०१९ मध्ये रुग्ण हलवायला काही दिवस उरले असताना आरोग्यमंत्र्यांनी स्थलांतर थांबवले. रुग्णालय पूर्ण सुरू व्हायला मार्च २०२१ उजाडले. नाचक्की झाली, पण मुले वाचली.

आपल्याकडे असे कोणी थांबवेल? इथे उद्घाटनाचा मुहूर्त ठरतो तो मंत्र्यांच्या सवडीने. वॉर्डात हवा किती वेळा बदलते, हे विचारणार कोण? खिडक्या बंद करून भिंतीवर स्प्लिट एसी टांगला की वॉर्ड ‘अद्ययावत’. हा एसी बाहेरची ताजी हवा आत आणतच नाही. एका खाटेवरच्या क्षयरुग्णाने खोकून सोडलेली हवा तो गार करतो आणि शेजारच्या खाटेवर पाठवतो. पेरूतील लिमा शहराच्या रुग्णालयांचा अभ्यास २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. खिडक्या उघड्या असताना १९५० पूर्वीच्या उंच छताच्या वॉर्डांत हवा ताशी ४० वेळा बदलत होती, नव्या वॉर्डांत १७ वेळा. आणि आपण अशाच उंच छताच्या जुन्या वॉर्डांना ‘कालबाह्य’ म्हणून हिणवतो.

संसर्ग झाला की परिचारिकेने हात धुतले नाहीत, असा ठपका ठेवायला सारे पुढे. बेसिन कुठे आहे आणि नळाला पाणी येते का, हे मात्र कोणी पाहत नाही. हवा आणि पाणी तपासून संसर्ग नियंत्रण डॉक्टरांनी सही केल्याखेरीज नव्या इमारतीत एकही रुग्ण दाखल होऊ नये. बांधकाम पूर्ण झाल्याच्या दाखल्यावर ही सही सरकारने बंधनकारक करावी आणि ती झाल्यावरच मंत्र्यांनी कात्री हाती घ्यावी.